चेहरा कुठे दाखवायचा, कुणाला आणि किती वेळ?

घाटकोपरहून अंधेरीकडे जाणारी मेट्रो. सकाळचे नऊ वाजलेले, तपासणीची रांग जिन्यापर्यंत आलेली. बायकांच्या रांगेत नकाब घातलेली एक मुलगी होती, पाठीवर कॉलेजची सॅक. तिचा नंबर आला, ती पडद्याआड गेली, आतल्या महिला कर्मचारीने तिला तपासलं आणि पंधरा सेकंदांत ती बाहेर पडून प्लॅटफॉर्मकडे गेली. माझ्या मागे उभे असलेले दोघे म्हणाले, "यांच्यावर बंदीच घातली पाहिजे. सिक्युरिटीचा प्रश्न आहे."

गंमत अशी की सिक्युरिटीचा प्रश्न आमच्या डोळ्यांसमोर नुकताच सुटला होता. रांगही थांबली नव्हती. मी मात्र गप्प बसलो. ऑफिसला उशीर होत होता, हे कारण मी स्वतःला दिलं. त्या गप्प बसण्याचं प्रायश्चित्त म्हणून हे संपादकीय लिहितोय असं समजा.

आधी आमची भूमिका. सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर सरसकट बंदी नको. जिथे ओळख पटवणं गरजेचं आहे तिथे चेहरा दाखवायला कुरकुर नको. आणि घरात कुणी मुलीवर नकाब लादत असेल, तर त्याला "आपल्या समाजाची आंतरिक बाब" म्हणून झाकणंही नको. या तिन्ही गोष्टी एकत्र म्हटल्या की दोन्हीकडचे लोक नाराज होतात. होऊ देत.

चेंबूरमध्ये काय झालं

हा वाद आपल्या उपनगरातच घडलेला आहे. चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये ज्युनियर कॉलेजला गणवेश लागू झाला आणि बुरख्यातल्या मुलींना गेटवर अडवलं गेलं. पुढच्या वर्षी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ड्रेसकोड आला. त्यात हिजाब, नकाब, बुरखा, स्टोल, टोपी, बॅज अशा सगळ्यांवर एकत्रच बंदी होती. विज्ञान शाखेच्या नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. त्यानंतर लगेच कॉलेजने फाटक्या जीन्स आणि टी-शर्टवरही बंदी घातल्याची बातमी आली. तेव्हा कुठे बाकीच्या पोरांना कळलं की कपड्यांचा नियम एकदा सुरू झाला की तो आपल्यापर्यंतही येतो.

९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकातल्या हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. विद्यार्थ्यांचा धर्म कळू नये म्हणून हा नियम आहे, असं कॉलेजचं म्हणणं होतं. त्यावर न्यायमूर्तींनी विचारलं की नावावरूनही धर्म कळतोच ना? टिकली आणि टिळ्यालाही बंदी घालणार का? पण त्याच सुनावणीत न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की वर्गात चेहरा झाकून बसण्याची मुभा मिळणार नाही.

आपल्याकडे या निकालाची पहिली अर्धी बातमी व्हॉट्सॲपवर जोरात फिरली. दुसरी अर्धी कुणी फॉरवर्ड केली नाही. दोन्ही वाचायला हव्यात, कारण फरक तिथेच आहे. हिजाब डोकं झाकतो, नकाब चेहरा. बंदी मागणारे सगळ्यालाच "बुरखा" म्हणतात आणि आपणही चिडून उत्तर देताना तीच सरमिसळ करतो.

ओळख पटवणं म्हणजे काय

जानेवारी २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहून दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरख्याला परवानगी देऊ नये अशी मागणी केली. कारण दिलं कॉपी आणि गैरप्रकारांचं.

परीक्षेत ओळख पटलीच पाहिजे. हॉलतिकिटावरचा फोटो आणि समोरची मुलगी एकच आहे, हे पाहण्याचा अधिकार पर्यवेक्षकाला आहे. मुलीने तिथे चेहरा दाखवायला हवा आणि मुली तो दाखवतातही. प्रश्न एवढाच की ते पाहणारी बाई असेल का आणि मुलीला पाच मिनिटं आधी बोलावता येईल का. देशातली सगळ्यात कडक तपासणी होते ती नीट परीक्षेत. तिच्या माहितीपत्रकात पारंपरिक वा धार्मिक पोशाख घालणाऱ्यांनी तपासणीसाठी लवकर यावं, एवढीच सूचना असते. जे डॉक्टरकीच्या परीक्षेत जमतं, ते दहावीला का जमू नये?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे साधा नियम आहे. लॉगिनच्या वेळी पासवर्ड विचारा, नीट विचारा, चुकला तर आत सोडू नका. पण एकदा आत सोडलं की माणसाला दर पानावर पासवर्ड विचारू नका. बँकेचा काउंटर, विमानतळ, मतदान केंद्र, पासपोर्ट कार्यालय, परीक्षेचा हॉल ही लॉगिनची ठिकाणं. कुर्ल्याचा बाजार, जुहूची चौपाटी, लोकलचा लेडीज डबा ही नव्हेत. रस्त्यावरून चालणाऱ्या बाईने आपण कोण आहोत हे प्रत्येक अनोळखी माणसाला दाखवत फिरावं, असं कुठलंच कर्तव्य नाही. एप्रिल २०२० मध्ये याच मुंबईत तोंड न झाकता बाहेर पडणं हा गुन्हा ठरला होता. तेव्हा कुणाच्या सुरक्षेला धोका वाटला नाही.

दंड कोण भरतो

दुसरा युक्तिवाद जास्त गंभीर आहे. नकाब बाईवर लादला जातो, म्हणून बंदी तिला मोकळं करेल, असं म्हणतात. हे बोलणारे सगळेच आपले वैरी नाहीत. काहींना खरोखर तळमळ आहे.

फ्रान्सने २०१० मध्ये कायदा केला. चेहरा झाकणाऱ्या बाईला १५० युरोपर्यंत दंड, आणि तिच्यावर सक्ती करणाऱ्याला एक वर्षाची कैद व ३०,००० युरोपर्यंत दंड. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण सक्ती झाली हे सिद्ध करायला बाईने स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध, बापाविरुद्ध उभं राहायला हवं. रस्त्यावर पकडायला मात्र फक्त तिचे कपडे पुरतात. म्हणजे जिच्यावर जबरदस्ती झाली, पावतीही तिच्याच नावाची. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ च्या सार्वमतात ५१.२ टक्के मतांनी बंदी मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती लागू आहे. तिथेही दंड बाईलाच.

इराणने दोन्ही करून पाहिलं. १९३६ मध्ये रझा शाहने पडद्यावर बंदी घातली, पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या चादरी ओढल्या आणि कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ च्या क्रांतीनंतर तोच पडदा सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीला त्याच सक्तीपायी पकडलं आणि कोठडीत असताना तिचा मृत्यू झाला. काढायला लावणारा पोलीस आणि घालायला लावणारा पोलीस, दोघांचा हुकूम एकच: तुझं डोकं आमच्या ताब्यात.

आता आपल्या घरात

इथपर्यंत वाचून तुम्ही मान डोलावली असेल, तर पुढचंही वाचा.

माझी एक मामेबहीण बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. घरात बैठक बसली आणि ठरलं की नकाब घालणार असेल तर जाईल. तिला कुणी विचारलं नाही. त्या बैठकीत मीही होतो. इंजिनिअर भाऊ म्हणून माझं मत वजनदार होतं, आणि मी चहा पीत बसलो. ती गेली, चार वर्षं नकाब घालून गेली, आज पवईत नोकरी करते. आता ती नकाब घालत नाही, हिजाब घालते, आणि तो तिने स्वतः निवडलाय असं ठणकावून सांगते.

मी तिला एकदा विचारलं, तेव्हा कॉलेजने नकाबवर बंदी घातली असती तर? ती म्हणाली, "भाईजान, तर मी मोकळी झाले नसते, घरी बसले असते. पण तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलला असतात, तर कदाचित वेगळं झालं असतं."

या उत्तरात दोन्ही बाजूंचा हिशेब आहे.

बंदी फक्त सरकार घालतं असं नाही. १९८२ मध्ये जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमाला जायचं नाही, असा फतवा समाजाच्याच पंचांनी काढला. रझिया पटेल या तरुणीने त्याविरुद्ध आवाज उठवला. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता. सातच होत्या. आपल्या मराठी मुसलमानांचा हा वारसा आहे. दलवाईंची सगळी मतं पटो न पटो, बाईच्या हक्काचा प्रश्न आपल्या घरातून विचारायचा असतो हे त्यांनी दाखवलं.

नकाबबद्दल उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. चेहरा झाकणं फर्ज मानणारे आहेत, न मानणारेही आहेत. हज-उमऱ्याच्या इहराममध्ये बाईने नकाब बांधू नये, हे आपल्या आजीलाही ठाऊक असतं. दाऊदी बोहरा बायकांचा रिदा चेहरा झाकत नाही. केरळच्या मुस्लिम एज्युकेशन सोसायटीने २०१९ मध्ये स्वतःच्या कॉलेजांत चेहरा झाकणारा पोशाख नको असं परिपत्रक काढलं. एवढी मतं असताना घरातल्या बैठकीत एकच मत "दीन" म्हणून सांगितलं जातं, तेव्हा प्रश्न विचारायला हवा.

वर्गात काय करायचं

वर्गाचा प्रश्न रस्त्यापेक्षा वेगळा आहे. शिकवणाऱ्याला समोरच्याला समजलं की नाही हे चेहऱ्यावरूनच कळतं. म्हणून वर्गात चेहरा उघडा असावा, ही अपेक्षा आम्हाला गैर वाटत नाही. पण ती गेटवर रांग अडवून, मुलींचे फोटो काढत राबवायची नसते. प्रवेशाच्या वेळीच सांगा. नकाब काढून ठेवायला मुलींच्या खोलीत जागा द्या. आईवडिलांशी बोला. आणि काही झालं तरी कुणाचं वर्ष बुडू देऊ नका. गोवंडी-मानखुर्दच्या घरातून निघून पदवीच्या वर्गापर्यंत पोचलेली मुलगी परत पाठवणं सोपं आहे. तिला पुन्हा आणणं सोपं नाही.

आणि आपण? पुढच्या वेळी मेट्रोच्या रांगेत कुणी "बंदी घाला" म्हणालं, तर वळून शांतपणे सांगा की तपासणी आत्ताच झाली, तुम्ही पाहिलीत. आणि पुढच्या वेळी घरात बहिणीच्या कपड्यांवर बैठक बसली, तर कप खाली ठेवा आणि एवढंच म्हणा: आधी तिला विचारूया.

पहिल्यापेक्षा दुसरं अवघड आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.