लंघन, यीस्ट आणि नोबेलचा दाखला

जपानचे शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हापासून आपल्या व्यवसायात एक वाक्य रूढ झाले आहे : ‘लंघनाचे महत्त्व आता नोबेलनेही मान्य केले.’ व्याख्यानांतून ते ऐकू येते, माहितीपत्रकांतून ते वाचावयास मिळते. हे वाक्य आपल्या शास्त्राचा गौरव करणारे भासले, तरी ते वस्तुस्थितीस धरून नाही आणि आपल्या हिताचेही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ओसुमी यांचा सन्मान झाला तो पेशीतील स्वभक्षणाची, म्हणजे ऑटोफॅजीची, यंत्रणा उलगडल्याबद्दल. उपवासचिकित्सा हा त्या पारितोषिकाचा विषयच नव्हता. ‘ऑटोफॅजी’ ही संज्ञा ख्रिस्तियान द द्यूव यांनी १९६३ मध्ये योजिली होती. परंतु ही क्रिया कोणती प्रथिने चालवितात, हे पुढे दीर्घकाळ अज्ञातच राहिले. ओसुमी यांनी त्यासाठी यीस्टची निवड केली. आसवारिष्टांत संधान घडवून आणणाऱ्या या एकपेशीय जीवाचा परिचय आपल्या औषधनिर्मात्यांस करून देण्याची गरज नाही. रिक्तिकेतील पाचक विकरे निकामी असलेले यीस्ट त्यांनी उपाशी ठेवले, तेव्हा काही तासांतच रिक्तिका न पचलेल्या पुटिकांनी भरून गेल्या. हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी या क्रियेस आवश्यक असणारी पंधरा जनुके त्यांनी सहकाऱ्यासह शोधून काढली.

या जनुकांपासून निर्माण होणाऱ्या प्रथिनांचे कार्य मननीय आहे. पोषण मुबलक असते तेव्हा ‘टॉर’ हा प्रथिनसमूह ‘एटीजी-१३’ या प्रथिनावर फॉस्फेटचे गट जोडून त्यास आवरून धरतो. उपासमार होताच टॉर मंदावतो, ते फॉस्फेट उतरते, एटीजी-१३ हे एटीजी-१ व एटीजी-१७ यांच्याशी संलग्न होते आणि कार्यास प्रारंभ होतो. पुढे एटीजी-८ हे प्रथिन आवरणातील मेदद्रव्याशी जोडले जाते व दुहेरी आवरणाची पुटिका वाढू लागते. पेशीतील काही द्रव्यभाग वेढून ती रिक्तिकेस मिळते. तेथे त्याचे विघटन होऊन घटकद्रव्ये पुन्हा उपयोगात येतात. ज्या यीस्टमध्ये ही यंत्रणा बिघडलेली असते, ते उपासमारीत लवकर मरते.

आता प्रश्न असा की, यावरून आपल्या रुग्णाविषयी काय सिद्ध होते? नायट्रोजनविरहित माध्यमातील यीस्ट आणि एक वेळचे भोजन टाळणारा मनुष्य यांत मोठे अंतर आहे. मग ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ अशा आपल्या उपवासांची कथा काय सांगावी! अशीच प्रथिने मानवी पेशींतही आहेत, हे खरे. तथापि किती उपवासाने, कोणत्या अवयवात, किती स्वभक्षण घडले हे दवाखान्यात सहज मोजता येईल अशी सर्वमान्य रक्तचाचणी आज उपलब्ध नाही. शिवाय हे स्वभक्षण सर्वदा हितकरच असते असेही नाही. वाढलेल्या अर्बुदातील पेशी याच यंत्रणेच्या आधारे तग धरू शकतात. म्हणूनच ती रोखणाऱ्या औषधांच्याही चाचण्या कर्करोगात झाल्या आहेत. असे असता ‘ऑटोफॅजी वाढविणारे चूर्ण’ अशी जाहिरात करणाऱ्याने नेमके काय मोजले, असे कोणी विचारल्यास आपण काय उत्तर देणार? कर्करोग व मधुमेह यांवरील औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे, हे तर औषधालयांच्या चालकांनी विसरताच कामा नये.

‘ऑटोफॅजी म्हणजेच आमपाचन’ हे समीकरणही आम्हांस मान्य नाही. आम ही अग्नीच्या विचारातून आलेली संकल्पना आहे, तर ऑटोफॅजी ही पेशीच्या आत घडणारी क्रिया. दोहोंस एकच नाव दिल्याने दोहोंचाही अर्थ पातळ होतो. साम्य शोधावयाचेच असेल, तर ते मर्यादेच्या तत्त्वात शोधावे. यीस्टसारख्या क्षुद्र जीवानेही या क्रियेस लगाम ठेवला आहे. चरकाचार्यांनीही लंघनाचे दहा प्रकार सांगून न थांबता अतिलंघनाची लक्षणे स्वतंत्रपणे वर्णिली आहेत. नोबेलचा दाखला देताना नेमका हाच भाग गाळला जातो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या मधुमेह्याने कोणाच्या सांगण्यावरून उपवास आरंभिला, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. लेबलांवरून व माहितीपत्रकांतून हा शब्द काढून टाकावा. लंघन देताना बल, काल, अग्नी, वजन, रक्तशर्करा आणि चालू औषधे यांची प्रत्येक वैद्याने लेखी नोंद ठेवावी व लंघन कोणत्या लक्षणावर थांबविले तेही लिहावे. अशा काही शे नोंदी एकत्र आल्या, तर लंघनाविषयी बोलण्यास आपणांजवळ आपला स्वतःचा पुरावा असेल.