पाहुण्याच्या हाती कुंचला

जपानमधल्या नारा शहरात याकुशिजी मंदिर आहे. तिथे सूत्रलेखनाला बसायचं तर आधी तोंडात एक लवंग धरायची आणि हत्तीच्या आकाराचं छोटं धूपपात्र ओलांडून आत जायचं. ‘प्रज्ञापारमिताहृदय’ सूत्राची चिनी अक्षरं खालच्या कागदावर असतात. वरच्या पातळ कागदातून ती दिसतात, तशी शाईनं गिरवायची. भाषा येत नसली तरी चालतं. अक्षरं अडीचशेहून थोडी जास्त, पण नवख्याचा तास सहज जातो. शेवटी मनातली इच्छा, नाव, तारीख. लिहिलेला कागद मंदिरातच राहतो.

या मंदिराचं मुख्य सभागृह १५२८मध्ये जळालं होतं. ते पुन्हा बांधण्यासाठी मठाधिपती ताकादा कोइन यांनी १९६८पासून सामान्य लोकांना सूत्र लिहून देण्याचं आवाहन केलं. प्रत्येक प्रतीमागे दक्षिणा हजार येन, आणि लक्ष्य दहा लाख प्रतींचं! १९७६मध्ये सभागृह उभं राहिलं. देणगीच्या पावतीऐवजी माणसाचं हस्ताक्षर जपणारा असा जीर्णोद्धार मला फार मोलाचा वाटतो.

परंपरेनं हे चिनी भाषांतर ह्युएन त्संगचं मानलं जातं. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला तोच हा प्रवासी. म्हणून मराठी पाहुण्यानं तिथे बिचकू नये. क्योटोच्या साइहोजीतही शेवाळाच्या बागेच्या भेटीला सूत्रलेखनाची जोड आहे. मात्र बसलात तर फोटोपुरत्या दोन ओळी गिरवून उठू नका. शेजारी कुणीतरी आपल्या आजारी माणसासाठी लिहीत असेल.