हवामानाच्या नोंदी : कीड-अंदाजाचे बियाणे

किडीचा उद्रेक एका रात्रीत होत नाही. तापमान, आर्द्रता व पाऊस यांच्या अनेक दिवसांच्या मेळातून तो घडतो. म्हणूनच मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी हवामान सल्ला पत्रके आणि दैनंदिन हवामानाच्या नोंदी वाचून सोडून देणे म्हणजे पुढच्या हंगामाचे बियाणे मोडून खाणे होय.

हाताने संग्रह करताना एखादा आठवडा सुटतो आणि मालिका तुटते. १९९६ पासून उपलब्ध असलेली ‘जीएनयू डब्ल्यूगेट’ ही विनामूल्य, मुक्तस्रोत आज्ञावली संगणकाच्या वेळापत्रकाला जोडल्यास संकेतस्थळावरील फाइली आपोआप उतरवून घेते. तशी सूचना दिल्यास ती केवळ बदललेल्या फाइलीच पुन्हा आणते. मात्र सर्व्हरवर भार पडू नये म्हणून दोन फाइलींमध्ये विराम ठेवावा व संकेतस्थळाचे नियम पाळावेत.

प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने या संग्रहाशेजारी कामगंध सापळ्यांच्या नोंदी मांडाव्यात. गुलाबी बोंडअळीची सलग तीन रात्री प्रतिसापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसान पातळी कोणत्या हवामानानंतर ओलांडली जाते, हे मग जिल्ह्याच्या स्वतःच्या नोंदीच सांगू लागतील.