पैसे देऊन छापलंत ना?

हा प्रश्न मला गेल्या सहा वर्षांत इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी तोंडी उत्तर देत नाही, वही उघडून दाखवते. हो, पैसे देऊन छापलं. माझे पैसे, माझ्या खात्यातून, चेकने. सहकारी बँकेत २७ वर्षं हिशेब लिहिण्यात गेली, त्यामुळे प्रत्येक पावती जागच्या जागी आहे. विचारणाऱ्याचा चेहरा मात्र असा असतो, की मी दहावीचा पेपर फोडलाय.

पहिली कादंबरी घेऊन मी चार प्रकाशकांकडे गेले होते. एकाने दोन वर्षं हस्तलिखित ठेवून घेतलं आणि मग ते त्याला सापडेना. उरलेल्या तिघांना कादंबरी फारच आवडली. इतकी, की न वाचताच त्यांनी आकडा सांगितला. एक म्हणाला, “ताई, दोनशे प्रती तुम्ही उचलायच्या. वीस टक्के सूट देतो.” दुसऱ्याने त्यालाच ‘लेखकाचा सहभाग’ असं गोंडस नाव दिलं. तिसरा सगळ्यांत प्रामाणिक, त्याने सरळ मोबाइल पुढे करून क्यूआर कोड दाखवला. पैसे माझे, नाव त्यांचं, आणि मानधनाचा विषय काढला की कागदाचे भाव वाढलेले! या दारातून मोजून आत गेलेली मंडळीच संमेलनाच्या मांडवात मला ‘स्वप्रकाशित’ म्हणून हिणवतात. अहो, मोजलेत तुम्हीही. मी पावती लपवली नाही, एवढाच माझा गुन्हा.

तर ती पावती बघा. दुसरी कादंबरी: २७२ पानं, डेमी आकार, सतरा फॉर्म. अक्षरजुळणी पानाला ५० रुपये, म्हणजे १३,६००. मुद्रितशोधन पानाला १५, ४,०८०. मुखपृष्ठ ६,०००. कागद, छपाई, बांधणी ६८,०००. एकूण ९१,६८०. पाचशे प्रती काढल्या, एक प्रत १८३ रुपयांना पडली. पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून आपण खूश असतो. कागदावर आणि छपाईवर तो आहेच, आणि पुढे विक्रीवर करच नसल्याने भरलेला कर वळता करून घ्यायची सोय नाही. तो याच आकड्यात मुरलाय.

किंमत ठेवली ३५०. वितरकाचं कमिशन पन्नास टक्के, माझ्या हातात १७५. म्हणजे एकूण एक प्रत खपली आणि वितरकाने सगळे पैसे चुकते केले (हसू नका) तरी ४,१८० रुपयांचा खड्डा. लिहिण्यात गेलेली साडेतीन वर्षं यात धरलेली नाहीत. ती कोणत्या खात्यावर टाकायची, हे एवढ्या नोकरीनंतरही मला कळलेलं नाही.

वितरकाकडे यावर तोडगा तयार होता. “किंमत सहाशे करा, आम्हाला सत्तर टक्के द्या, ग्रंथालयांत लावून टाकतो.” मी मनातल्या मनात आकडेमोड केली. मला १८० मिळणार, म्हणजे प्रतीमागे तीन रुपये तोटा राहतोच, आणि दुकानात येणाऱ्या वाचकाला सहाशेचा चटका. १९६७च्या कायद्याखाली अनुदानावर चालणारी दहा हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयं आपल्या राज्यात आहेत. दर दहांतल्या एकाने एक प्रत घेतली तरी माझ्या दोन आवृत्त्या संपतील. पण मी ज्या ज्या ग्रंथालयात गेले तिथे पहिला प्रश्न सूट किती हा होता, कादंबरी कशावर आहे हा प्रश्न आलाच नाही. ग्रंथपालाला बोल लावत नाही मी. त्याचा पगार ऐकलात तर तुम्हीच त्याला चहा पाजाल.

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात पन्नास प्रती परतीच्या बोलीवर ठेवल्या होत्या. आठ महिन्यांनी अडतीस परत आल्या. गठ्ठ्याच्या वरच्या आणि खालच्या प्रतीच्या कडांत सुतळी रुतलेली. एका प्रतीच्या मलपृष्ठावर, नेमकी माझ्या फोटोवर, बॉलपेनने कुणाच्या तरी गाइडांची बेरीज केलेली: १४० अधिक १४० अधिक ९५. उत्तर ३६५ लिहिलं होतं. मी तिथेच उभ्या उभ्या ३७५ केलं. बारा प्रतींचे पैसे? “दिवाळीनंतर बघू, ताई.” त्याला दोन दिवाळ्या झाल्या.

याच पुण्यात १८८२ साली ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती पाचशे. तेव्हा वाचता येणारे किती, आणि बाईचं असलं जहाल पुस्तक विकत घेणारे किती! आज २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख आहेत, आणि माझीही आवृत्ती पाचशेचीच. एका प्रतीमागे एक लाख सहासष्ट हजार माणसं. त्यावर मुद्रक म्हणतो, “धाडस करताय, तीनशेच काढा.”

३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात झाली. पेढे मीही खाल्ले. त्याच वर्षी डिसेंबरात टपाल खात्याने रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद केलं. गडचिरोलीच्या वाचकाला स्वस्तात पुस्तक पाठवायचा माझा एकमेव रस्ता तो होता. पुढे मे २०२५मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ आलं, ठीक आहे. मधले महिने मी कुरिअरवाल्याला पोसलं.

आता भेटप्रत. चुलतभावाच्या मुलीचं लग्न, ताटामागे हजार रुपयांचा केटरर, आणि पंगतीत हा गृहस्थ मला ऐकवतो, “काय गं, पुस्तक आलं म्हणे, आम्हाला प्रत नाही?” त्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी कधी फुकट कडी-कोयंडा मागितलाय का? आमच्या सोसायटीतल्या एका रसिक बाईंनी तर कमाल केली. पहिल्या कादंबरीची स्कॅन केलेली पीडीएफ व्हॉट्सॅपच्या वाचनकट्ट्यावर टाकली आणि खाली मलाच विचारलं, “दुसरीची आहे का हो?” चौतीस जणांनी अंगठे दाखवले. माझ्या कष्टांना मिळालेली सर्वांत मोठी दाद तीच.

आम्ही स्वप्रकाशित तरी कुठे धुतल्या तांदळाचे! सभागृह, शाली, पुष्पगुच्छ आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी यांवर पंधरा-वीस हजार उडवणारे माझे भाऊबंद संपादकाचे पाच हजार वाचवतात. मीही वाचवले होते. परिणाम छापील आहे: माझ्या पहिल्या कादंबरीत पान ११२वर वारलेले सासरे पान १४०वर चहा मागतात. प्रवेशशुल्क आणि पुस्तकाच्या दोन प्रती घेऊन पुरस्कार वाटणाऱ्या संस्थेने याच कादंबरीला ‘बांधेसूद’ म्हटलं. परीक्षक पान १४०पर्यंत पोचलेच नसावेत.

तिसरी कादंबरी पुढच्या महिन्यात येतेय. २४० पानं, तीनशे प्रती, किंमत ३२०. संपादकाचे पैसे आधीच चुकते केलेत. सासरे या वेळी वारल्यावर वारलेलेच राहतात. भेटप्रत कुणालाही मिळणार नाही.