ऑर्डर माझी, खातं पप्पांचं

तुमच्या वर्गात अशी एक तरी मुलगी असेलच. तिच्या बॅगेत गणिताच्या वहीशेजारी क्रोशाची सुई आणि लोकरीचा गुंडा असतो. मधल्या सुट्टीत ती सूर्यफूल विणते, संध्याकाळी इन्स्टावर स्टोरी टाकते आणि राखीच्या आधीचे पंधरा दिवस तिला जेवायलाही फुरसत नसते. कुणी रेझिनची कीचेन करतं, कुणी मेंदीचे कोन भरतं, कुणी गौरीचे दागिने बनवतं. आपण तिला कौतुकानं ‘छोटी उद्योजिका’ म्हणतो आणि पैसे द्यायला क्यूआर कोड स्कॅन करतो. स्क्रीनवर नाव येतं तिच्या वडिलांचं.

माझी मामेबहीण अकरावीत आहे. तिचंही असंच आहे. महिन्याला किती कमावतेस, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, ‘पप्पांना विचारावं लागेल.’

यात तिच्या पप्पांची चूक नाही. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे आणि अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला तो करार करायला पात्रच मानत नाही. अल्पवयीन मुलानं केलेला करार मुळातच रद्द समजायचा, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्ये सांगून ठेवलंय. उद्देश चांगला होता, कुणी सावकारानं पोरांना फसवू नये हा. पण आज त्याचा अर्थ असा होतो, की ऑनलाइन विक्रीच्या बहुतेक ॲपवर तुम्ही स्वतःच्या नावानं विक्रेते होऊ शकत नाही, कर्ज मिळत नाही आणि मधल्या मारुतीजवळचा लोकरवाला उधारीवर माल देताना ‘घरून कुणाला तरी घेऊन ये’ म्हणतो. मैत्रिणीबरोबर भागीदारी करायची म्हटली तरी अडचण आहेच. भागीदारी कायद्यानुसार अल्पवयीनाला नफ्यात सामील करून घेता येतं, भागीदार म्हणून नाही.

सरकारी योजनांचंही तेच. हातानं काम करणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ‘पीएम विश्वकर्मा’ घ्या. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजानं कर्ज. पण ती १८ ठरावीक पारंपरिक व्यवसायांसाठी आहे आणि वयाची अट अठरा पूर्ण. शिंपी, कुंभार, टोपल्या विणणारे त्यात आहेत. इन्स्टावर क्रोशाची फुलं विकणारी नाही.

आता थोडं बरं ऐका. रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिल २०२५ रोजी परिपत्रक काढून दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडायला आणि स्वतः चालवायला परवानगी दिली. बँकांना आपली धोरणं बदलायला १ जुलै २०२५ ची मुदत होती. रकमेची मर्यादा किती ठेवायची, डेबिट कार्ड, चेकबुक किंवा नेट बँकिंग द्यायचं की नाही, हे प्रत्येक बँक ठरवणार. खात्यात असतील तेवढेच पैसे काढता येतील. म्हणजे परवानगी आहे, पण तुमच्या गल्लीतल्या ब्रँचमध्ये काय मिळतं ते काउंटरवर जाऊन विचारावं लागेल. विचाराच. मामेबहिणीला हे माहीतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हा लेख लिहायला घेईपर्यंत मलाही नव्हतं.

त्याहून गंमत प्राप्तिकरात आहे. लहान मुलाच्या नावावरचं उत्पन्न, म्हणजे आजोबांनी ठेवलेल्या मुदत ठेवीचं व्याज वगैरे, आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात धरलं जातं. पण मुलानं स्वतःच्या हातानं काम करून किंवा स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेला पैसा याला अपवाद आहे. तो त्या मुलाचाच धरायचा. अल्पवयीनाला पॅन कार्डही मिळतं, फक्त त्यावर फोटो आणि सही नसते. थोडक्यात, आयकर खातं मान्य करतं की हे पैसे तुझे आहेत. घरात मात्र ते ‘असू दे, तुझ्या लग्नाला येतील’ या खात्यात जातात.

सोलापुरात हे जास्त टोचतं, कारण इथे घरात बसून हातानं काम करणाऱ्या बायकांची कमी कधीच नव्हती. पूर्व भागात कितीतरी घरांत आई कारखान्यातून पानं-तंबाखू आणते, घरी विड्या वळते आणि हजार विड्यांमागे मजुरी घेते. किती तास लागले ते कुणी विचारत नाही. मुली आईजवळ बसून हातभार लावत आल्या आणि त्याला कधी कुणी ‘छंद’ म्हटलं नाही. कायद्यानं विडीचं काम मुलांसाठी धोकादायक ठरवलंय, ते योग्यच आहे. पण नगावर मजुरी मोजायची सवय आपल्या शहराच्या अंगात मुरलीय, आणि क्रोशाच्या फुलाची किंमत ठरवताना नेमकी तीच आडवी येते.

हिशोबच करून बघू. समजा एका फुलाला लोकर, तार, टेप धरून १५ रुपये लागले. विणायला दीड तास. विकलं ८० ला. उरले ६५, म्हणजे तासाला ४३ रुपये. मैत्रीण म्हणाली ‘मला साठला दे ना गं’, की तासाला ३०. यात फोटो काढणं, मेसेजना उत्तरं देणं, उसवून पुन्हा विणणं धरलेलंच नाही. ८० रुपये महाग वाटणारे आपणच असतो बरं का, कॉफीला १५० देऊन. वेळ वहीत लिहायला सुरुवात केली, की तीन ऑर्डरींनंतर कोणती वस्तू बंद करायची ते आपोआप कळतं. मामेबहिणीनं गुलाब बंद केला.

जीएसटीची भीती बऱ्याच जणांना वाटते. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, तेव्हा निर्धास्त राहा. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेले छोटे विक्रेतेही पॅनच्या आधारे नावनोंदणी करून ई-कॉमर्स ॲपवरून विकू शकतात. अट एकच, माल राज्याबाहेर पाठवायचा नाही. मुंबईत बसून वाचलं तर ही अट साधी वाटते. आपल्याला ती साधी नाही. सोलापूरहून विजापूर आणि गुलबर्गा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पुणे अडीचशे. आपल्या निम्म्या आत्या-मावश्या सीमेपलीकडे, गड्ड्याच्या यात्रेला येणारं गिऱ्हाईकही तिकडचं. ॲपवरून गडचिरोलीला फूल पाठवता येतं, विजापूरला नाही. ॲप सोडून थेट विकलं तर ठरावीक हस्तकला वस्तूंना २० लाखांपर्यंत राज्याबाहेरही नोंदणीतून सूट आहे. पण त्यासाठी पॅन हवं आणि माल कितीही किमतीचा असला तरी ई-वे बिल हवं. ८० रुपयांच्या फुलासाठी ई-वे बिल! नियम करणाऱ्यांनी कारागीर म्हणून ट्रकभर माल पाठवणारा माणूस डोळ्यांसमोर आणला असणार, अकरावीतली मुलगी नाही.

इन्स्टाचीही एक नवी अडचण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात ‘टीन अकाउंट’ आली. अठराखालच्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं आणि सोळाखालच्यांना ते बदलायला पालकांची परवानगी लागते. सुरक्षेसाठी हे हवंच. अनोळखी माणसांचे मेसेज विणणाऱ्या मुलींना किती येतात ते त्यांनाच विचारा. पण प्रायव्हेट अकाउंटवर दुकान चालत नाही, म्हणून पेज आईच्या नावानं निघतं. खातं पप्पांचं, पेज आईचं, सिम दादाचं.

मामेबहिणीला मागच्या महिन्यात विजापूरहून बारा सूर्यफुलांची ऑर्डर आली. ती शेवटी आत्याच्या पिशवीतून एसटीनं गेली. कायद्यानं तीही राज्याबाहेरची विक्रीच, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी बँकेत जाणार आहोत, तेव्हा बघू.