फाइल मॅनेजरला रूट करू नका!

मंडळी, या वीकएंडला थोडं लिनक्सपुराण.

'परमिशन डिनाइड' दिसलं रे दिसलं की आपले लोक सुडो लावून अख्खा फाइल मॅनेजरच रूटने उघडतात. माझ्या मते हा इलाज रोगापेक्षा वाईट. रूटने चाललेला प्रोग्राम तुमच्याच होम फोल्डरात सेटिंग्जच्या फायली रूटच्या नावावर करून ठेवू शकतो. मग साध्या लॉगिनने तोच फाइल मॅनेजर कुरकुरतो, कधी उघडतच नाही. वर एखादा चुकीचा डिलीट झाला तर अडवणारं कोणी नाही. सुरक्षेसाठीच केडीईने २०१७ मध्ये रूटने डॉल्फिन चालवणं बंद केलं होतं. ओरड झाली, नंतर थोडी सूटही मिळाली, पण मुद्दा बरोबरच होता.

दुसरी गंमत आमच्या वसई-विरारची. जुलै २०१८ च्या पुरात इथल्या बऱ्याच भागांत लाइट नव्हती. चालू डेस्कटॉप असा धाडकन बंद पडला की फाइल सिस्टिम बिघडू शकते आणि लिनक्स ती डिस्क रीड-ओन्ली करतो. तिथे रूटलाही काही लिहिता येत नाही! डिस्क अनमाउंट करून तपासणीच करावी लागते.

म्हणून आधी 'एलएस -एल' करून मालक कोण ते बघा. मालकी चुकली असेल तर 'चाऊन' फक्त तुमच्या त्या फोल्डरवर चालवा. सिस्टिमची एखादी फाइल बदलायचीच असेल, तर नॉटिलसमध्ये 'अ‍ॅडमिन' पत्त्याने तेवढ्याच कामापुरता पासवर्ड देता येतो.

बारशापासून लग्नापर्यंतचे फोटो त्याच डिस्कवर असतात हो. दोन मिनिटं निदानाला द्या की!