नावाआधी 'डॉ.', नावानंतर पदव्या

जयंतीच्या फलकावर बाबासाहेबांच्या पदव्या इंग्रजीत असाव्यात, असा आपल्या मुलांचा आग्रह असतो. आग्रह रास्त आहे, पण पेंटरच्या हाती कागद देण्याआधी तो तपासावा. इंग्रजीत नावाआधी 'डॉ.' असेल तर नावापुढे पुन्हा पीएच.डी. लावत नाहीत. बाबासाहेबांचे 'डॉ.' गाळायला तर कुणाचे मन धजणार? म्हणून नाव 'डॉ.'सह ठेवावे आणि पदव्या खाली वेगळ्या ओळीत द्याव्यात. पीएच.डी.मधला एच लहान, बाकी अक्षरे मोठी. एलएल.डी.च्या दोन एलमध्ये टिंब नको. लॅटिनमध्ये 'कायदे' हे अनेकवचन दाखवायला एल दोनदा लिहितात, वकिलीच्या एलएल.बी.चेही तसेच.

कोलंबियाची एम.ए. 1915ची, लंडनची एम.एस्सी. 1921ची व डी.एस्सी. 1923ची, कोलंबियाची पीएच.डी. 1927ची. या अर्धपोटी अभ्यास करून मिळवलेल्या. कोलंबियाची एलएल.डी. (1952) आणि उस्मानियाची डी.लिट. (1953) सन्मानाच्या, तेव्हा आपला बीड जिल्हाही हैदराबाद राज्यातच होता.

लग्नपत्रिकेत 'आयु.', 'कालकथित' शोभतात, ते मराठीतच ठेवा. 'बी.ए. अपियर' मात्र नको. नोकरीच्या इंग्रजी अर्जात सहीखाली स्वतःला 'मिस्टर' लावू नये. नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहावे आणि निकाल लागलेलीच पदवी लावावी. शेवटच्या वर्षाला असाल तर तसे स्पष्ट लिहा. कागदपत्रांच्या पडताळणीत मूळ गुणपत्रिका मागतात, आणि हाती आलेली नोकरी तिथेच जाते.